मदत हवी आहे: टाचेमागची शीर तुटली, छोट्या चिरेचं ऑपरेशन करावं का?

तापीकाठ (रावेर): धाकट्या भावाची टाचेमागची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारी, अकिलिस टेंडन) तुटली. सोनोग्राफीत पूर्ण तुटल्याचं आलं. भुसावळचे डॉक्टर मोठा काप घेऊ म्हणतात, जळगावचे म्हणतात छिद्रांतून होईल. कोणाचं ऐकू? दोन दिवसांत ठरवायचंय, लवकर सांगा.

हाडवाला: तुटली कधी? वय? साखर, तंबाखू? सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक गोळी किंवा टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन झालंय का? आणि पाऊल खाली वळवल्यावर टोकं जुळतात का, रिपोर्टात बघा.

गिरणामाई: छिद्रांचंच करा. तुटल्या जागी साधारण ३ सेंमीचा काप, त्यातून जिग (सुयांना वाट दाखवणारं साधन) शिरेच्या आवरणाखाली सारतात, बाहेरून सुया टोचून दोन्ही टोकांत धागे ओवतात. जिग ओढली की धागे आवरणाच्या आतच येतात, मग पाऊल खाली वळवून गाठी. तिथली कातडी पातळ, रक्तपुरवठा कमी. मोठी जखम चिघळली तर भरता भरत नाही.

हाडवाला: ही एकच बाजू झाली. सुरल नस (पावलाच्या बाहेरच्या कडेला संवेदना देणारी) टाचेच्या वर साधारण १० सेंमीवर शिरेची बाहेरची कड ओलांडते. न बघता टोचलेल्या सुईत ती सापडली की पावलाची बाहेरची कड बधिर. नॉर्वेच्या २०२२ च्या अभ्यासात नसेची इजा छोट्या चिरेत ५.२ टक्के, उघड्या ऑपरेशनात २.८.

धुळेकर: त्याच अभ्यासात वर्षानंतर ऑपरेशनवाले आणि बिनऑपरेशनवाले सारखेच होते. मग चिरायचंच कशाला? टाच उंच ठेवणारा बूट घालून शीर भरते.

गिरणामाई: पुन्हा तुटण्याचे आकडेही सांगा की! बिनऑपरेशन ६.२ टक्के, ऑपरेशनात ०.६.

शिरपूरची ताई: सासूबाईंना सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच दुखते. त्यांनाही हेच करावं लागेल का?

हाडवाला: नाही ताई, ते बहुधा तळव्याच्या पडद्याचं दुखणं. वेगळा धागा काढा.

तापीकाठ: वय ३४, साखर नाही, तसली गोळी-इंजेक्शन नाही. तंबाखू खातो. तीन आठवडे होत आले, आधी लचक समजून मालिश केली. गॅप ४ सेंमी, पाऊल वळवूनही जुळत नाही.

हाडवाला: दादा, सगळा निर्णय यावरच आहे. मालिश आजच बंद. पालथं झोपवून पोटरी दाबली आणि पाऊल हललं नाही, की लचक नव्हे, हे पहिल्याच दिवशी कळतं. आता पोटरीने वरचं टोक ओढून नेलंय, मधे वण भरलाय. छिद्रातून तो साफ होत नाही. इथे भुसावळचं म्हणणं बरोबर वाटतं. टोकं जुळली नाहीत तर पोटरीकडून शीर लांबवणार की पायाच्या अंगठ्याची शीर आणून जोडणार, हे आधीच विचारा. तंबाखूही आजपासून बंद, त्याने जखम उघडू शकते.

धुळेकर: एवढा गॅप असेल तर बुटाचं माझं म्हणणं मागे.

तापीकाठ: केळीचे घड कधी उचलेल?

हाडवाला: पहिले दोन आठवडे पाऊल खाली वळवून प्लास्टर. मग टाचेखाली पाचरी असलेला बूट. डॉक्टर सांगतील तशी एकेक पाचर काढायची. सुट्या पाचरींचाच बूट आधी घेऊन ठेवा. अंगठ्याची शीर वापरली तर हे लांबतं. मधेच पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली तर रक्ताची गाठ असू शकते, तडक दवाखाना. घड सहा महिन्यांच्या आत नाही, तेही एका पायावर टाच उचलता आली तरच.