रासायनिक खत थांबलं की जग उपाशी मरेल?

माळरान:
काल इथे एकाने दोन ओळींत निकाल लावून टाकला: "सेंद्रिय शेती हा पोट भरलेल्यांचा छंद. श्रीलंकेने करून बघितलं, देश बुडाला." वाचून इतका संताप आला की सविस्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

श्रीलंकेत २०२१ च्या मे महिन्यात राजपक्षे सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घेतला. तिजोरीत परकीय चलनाचा खडखडाट होता, हेही त्यामागे होतंच. शेतकऱ्याला ना पुरेसं कंपोस्ट दिलं, ना वेळ. रासायनिकची सवय लागलेली जमीन सावरायला तीन-चार वर्षं जातात. एका हंगामात भाताचं उत्पन्न पडलं म्हणून पद्धतच खोटी ठरवता?

आणि जगात धान्य कमी आहे हे कुणी सांगितलं? साधारण तिसरा हिस्सा जनावरांच्या खाद्याला जातो. अमेरिकेत तिसऱ्या हिश्शाहून जास्त मका इथेनॉलला. आपल्याकडे उसापाठोपाठ मका आणि एफसीआयचा (सरकारी अन्न महामंडळाचा) तांदूळही त्याच वाटेवर. गाडीच्या टाकीत धान्य ओतायचं आणि उपासमारीचा दोष शेणखतवाल्यावर!

हिशेबी_शेतकरी:
माळरानदादा, इथेनॉलचं पटलं. नत्राचं (नायट्रोजनचं) काय? जगातली जवळपास निम्मी माणसं कारखान्यात बनलेल्या नत्रावर पिकलेलं अन्न खातात, असा अंदाज आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथल्या शेणखताच्या पट्ट्याचं उत्पन्न तुमची मंडळी मिरवतात. पण त्या पट्ट्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडतं, ते सांगत नाहीत. आमच्याकडे एकरी दोन ट्रॉल्या मिळवताना नाकी नऊ येतात.

बांधावरची:
शेण येणार कुठून? दावणीला जनावर कुठे राहिलंय? २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यापासून म्हातारा बैल घ्यायला गिऱ्हाईक नाही. सासऱ्यांनी आमचा बैल बाजारातून तसाच परत आणला. कडबा विकत घेऊन त्याला जगवला आणि पुढे नवी जोडी घेतलीच नाही. आता ट्रॅक्टर भाड्याने. शेणखताचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी यावर बोलावं.

विहीरकाठ:
ताई, जन्मभर राबलेला बैल कसायाला द्यायचा? आम्ही बेंदराला त्याला पुरणपोळी भरवतो. घरातलं म्हातारं माणूस विकता का?

बांधावरची:
बेंदूर वर्षातून एकदा येतो, दादा. चारा रोज लागतो. दुष्काळात छावणीत जनावरांशेजारी मी झोपलेय, मला माया शिकवू नका. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा घ्यायचा, हीच रीत होती. ती मोडली आणि गोठे रिकामे झाले.

विहीरकाठ:
छावण्या आम्हीही काढल्यात, सांगोल्याच्या. तरी बैल विकला नाही. गोठे ट्रॅक्टरने रिकामे केले, कायद्याच्या कितीतरी आधी. उगाच कायद्यावर ढकलू नका.

हिशेबी_शेतकरी:
बैल कुणामुळे गेला ते नंतर भांडा. शेण नाही, एवढं दोघांच्याही बोलण्यातून निघालं. मी तेच म्हणत होतो.

माळरान:
नत्र फक्त शेणातून येतं का? तूर, हरभरा, भुईमूग हवेतला नत्र मुळांच्या गाठीत धरतात. ताग, धैंचा हिरवळीचं खत म्हणून जमिनीत गाडता येतो. २०१२ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात सेंद्रियची घट ५ ते ३४ टक्के निघाली, आणि सगळ्यात कमी घट होती त्यात कोरडवाहू शेंगवर्गीय पिकं होती. मराठवाडा-विदर्भात दुसरं काय आहे?

हिशेबी_शेतकरी:
बरं, कोरडवाहू तूर-हरभऱ्यापुरतं मान्य. तेवढंच. रेशनचा बराचसा गहू-तांदूळ पंजाब-हरियाणातून येतो, तो युरियाशिवाय पिकवून दाखवा. सिक्कीम २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय जाहीर झालं, पण तांदूळ सिलिगुडीच्या रस्त्यानेच वर चढतो. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईने खडी फोडली आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्या. सरकारी गोदामं भरलेली असणं म्हणजे काय, ते तिला विचारा.

बांधावरची:
तुमच्या आईंच्या कष्टाला हात जोडते. पण युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण बाकीचा बोजा सरकार उचलतं. शेणखताच्या ट्रॉलीला कोण काय देतं? आणि ती गोणी तरी सुखाने मिळते का? ऐन पेरणीत दुकानदार लिंकिंग करतो. नको असलेल्या दुसऱ्या खता-औषधाची बाटली घेतल्याशिवाय युरिया नाही.

हिशेबी_शेतकरी:
लिंकिंगचं खरं आहे, मीही त्यात भरडलोय. पण त्यासाठी दुकानदाराला धरा, युरियाला नको. शेणखतालाही अनुदान मिळालं तर मीच पहिला अर्ज करीन. तोवर या खरिपात फक्त तुरीत युरिया कमी करून बघतो. कापसात नाही.

माळरान:
तुरीत युरिया टाकतच कशाला होतात?