घरून व्हीएचं काम: पहिले क्लायंट कुठून येतात?

विषय: घरून व्हीएचं काम सुरू केलंय, क्लायंट मिळत नाहीत
प्रेषक: एक नवी सभासद

नमस्कार मंडळी,

या मेलिंग यादीवर पहिल्यांदाच लिहितेय. गेले तीन महिने घरून व्हर्च्युअल असिस्टंटचं (व्हीए, म्हणजे दुरून ऑनलाइन कार्यालयीन कामं करून देणारी मदतनीस) काम उभं करायची खटपट चालली आहे. त्याआधी दहा वर्षं मी एका लहान कंपनीत संचालकांची सचिव होते. कॅलेंडर, प्रवासाची बुकिंग, मीटिंगची टिपणं, वसुलीची पत्रं, सगळं हातातलं आहे. काम जमतं, पण मिळत नाही.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. वेबसाइट केली, तिच्यावर १४ सेवा लिहिल्या, अगदी सोशल मीडियापासून डेटा एंट्रीपर्यंत. पाच ग्रुपवर जाहिरात टाकली. लहान व्यवसायांच्या ईमेल पत्त्यांची एक यादी विकत घेतली आणि साठ जणांना एकच मेल पाठवला. दोन उत्तरं आली. एकाने नाव काढून टाकायला सांगितलं. दुसऱ्याने आठवडाभर फुकट काम करून दाखवा म्हटलं. मी केलं. त्यानंतर तिकडून काहीच आलं नाही.

सगळे म्हणतात नेटवर्किंग कर. मला अनोळखी घोळक्यात शिरून स्वतःबद्दल बोलायचं फार दडपण येतं. नेटवर्किंग म्हणजे रोज उठून नेमकं करायचं तरी काय? कुणी या कामात असेल तर कृपया सांगा.

---

विषय: उत्तर: घरून व्हीएचं काम सुरू केलंय, क्लायंट मिळत नाहीत
प्रेषक: एक जुनी सभासद

नमस्कार. मी वयाने बरीच मोठी असणार, म्हणून अगं-तुगं करतेय. सात वर्षं हेच काम करते आहे, तेव्हा सविस्तर लिहिते.

आधी ते फुकटचं काम. तुझा विश्वास वापरून घेतला गेला, त्यात तुझी चूक नाही. पण इथून पुढे नको. समोरच्याला पारखून घ्यायचं असेल, तर तीन तासांचं एखादं छोटं काम ठरव आणि त्याचे पैसे घे. जो तीन तासांचे पैसे द्यायला कचरतो, तो महिन्याचं बिलही रखडवतो, हे मी अनुभवाने सांगतेय.

आता त्या १४ सेवा. आपल्याकडे एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात. तुझ्या कामाला ते अजिबात लागू नाही, पण यादी वाचणाऱ्याला तसंच वाटतं. तुझी शिफारस करणाऱ्या माणसाला तुझं काम डोक्यात ठेवता यायला हवं. चौदा गोष्टी कुणाच्या लक्षात राहत नाहीत. माझ्या पहिल्या वर्षी एका क्लायंटने माझी ओळख "या ऑनलाइन बरीच मदत करतात" अशी करून दिली. समोरच्या बाईंना पुढे काय विचारावं ते कळेना, आणि बोलणं तिथेच संपलं. त्या क्लायंटचा हेतू चांगला होता, पण मीच तिला नीट वाक्य दिलं नव्हतं. आता माझे क्लायंट सांगतात, "त्या प्रशिक्षकांच्या कार्यशाळांची नोंदणी आणि बिलं सांभाळतात." एवढ्यावर ऐकणाऱ्याला दुसरा प्रशिक्षक आठवतो. नोंदणी करता करता इतर कामंही येतातच, ती मी नाकारत नाही. पण दारावर पाटी एकच आहे.

तुझ्या मेलमधल्या एका शब्दापाशी मी थांबले: वसुलीची पत्रं. तू ते जाता जाता लिहिलंस. एकटे काम करणारे सल्लागार, डिझायनर, अनुवादक यांना स्वतःचीच बाकी मागायला किती अवघड जातं, हे मी रोज बघते. बिल पाठवतात, मुदत उलटून जाते, आणि नातं बिघडेल म्हणून महिनोनमहिने गप्प बसतात. सभ्य भाषेत, न चुकता, ठरल्या दिवशी आठवण करून देणारं माणूस त्यांना हवं असतं. तू हे दहा वर्षं केलं आहेस. यावर विचार कर.

मात्र "वसुली" हा शब्द वापरू नकोस. दुसऱ्याची थकबाकी वसूल करून देणं हा बऱ्याच ठिकाणी परवान्याचा व्यवसाय आहे. क्लायंटच्या नावाने, क्लायंटच्याच मेलवरून बिलाची आठवण देणं हे कार्यालयीन काम, आणि त्या हद्दीतच राहायचं. आपण राहतो तिथले नियम एकदा तपासून घे. तसंच आपण परदेशात राहतो, तेव्हा तुझ्या व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येतो ना, तेही नक्की कर. क्लायंट दुसऱ्या देशात असला तरी काम आपण इथे बसून करत असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आता नेटवर्किंग. घोळक्यात शिरायची गरज नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं होतं की ती ओळख किती जवळची होती. आठवड्यातून निदान दोनदा भेटणाऱ्या माणसाकडून नोकरी कळलेले १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळलेले ५५.६ टक्के, आणि वर्षात एकदा किंवा त्याहून कमी भेटणाऱ्यांकडून कळलेले २७.८ टक्के. पाहणी लहान होती, पण २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून जास्त लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासातही फार जवळच्याही नाहीत आणि फार लांबच्याही नाहीत अशा ओळखीच सर्वांत उपयोगी ठरल्या. कारण सरळ आहे. जवळच्या मैत्रिणीला जे माहीत असतं, ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. लांबची ओळख वेगळ्या वर्तुळात वावरते. हे आकडे नोकरीचे आहेत, पण माझ्या क्लायंटचं मूळ शोधलं तरी हेच दिसतं. सख्ख्या मैत्रिणींकडून मला आजवर एकच काम मिळालं.

म्हणून एक वही घे. जुन्या कंपनीत ज्यांच्याशी तुझा कामानिमित्त संबंध आला त्यांची नावं लिही: हिशेब तपासनीस, माल पुरवणारे, छपाईवाले, नोकरी सोडून गेलेले सहकारी. तीस-चाळीस नावं सहज होतील. प्रत्येकाला वेगळं पत्र लिही. त्यात आधी त्याची विचारपूस, एखादी खरीखुरी आठवण, मग तू आता काय करतेस ते एका वाक्यात. काम मागू नकोस. "अशी अडचण असलेलं कुणी तुमच्या पाहण्यात आहे का," एवढंच विचार. ज्यांना बोलायचं असेल त्यांच्याशी वीस मिनिटं फोनवर बोल, आणि त्यातली पंधरा मिनिटं त्यांना बोलू दे. तू कमी बोलणारी आहेस ना? इथे त्याचा फायदाच होतो.

शेजारच्या व्यवसायांतल्या लोकांशी मुद्दाम ओळख ठेव. अकाउंटंटला थकलेली बिलं सर्वांत आधी दिसतात. वेबसाइट करणाऱ्यांनाही क्लायंट "आता हे रोज कोण बघणार?" असं विचारतात. आणि दुसऱ्या व्हीएंना प्रतिस्पर्धी समजू नकोस. माझी निम्मी कामं अशा मैत्रिणींकडून आलीत, ज्यांचे हात भरलेले होते किंवा जे काम त्यांच्या पाटीवर नव्हतं. बीएनआयसारखे, एकमेकांना कामं सुचवण्यासाठी दर आठवड्याला भेटणारे व्यावसायिकांचे गटही आहेत. १९८५ पासून चालू असलेल्या या संस्थेच्या एका शाखेत एका व्यवसायाचं एकच माणूस घेतात. पण तिथे नेमाने जावं लागतं. मी अशाच एका दुसऱ्या गटात वर्षभर गेले. पहिलं काम यायला पाच महिने लागले. तुझ्या स्वभावाला पत्रं जास्त मानवतील असं मला वाटतं.

---

विषय: उत्तर: घरून व्हीएचं काम सुरू केलंय…
प्रेषक: एक सल्लागार सभासद

ताईंनी सगळं सांगितलंच आहे. मी पलीकडच्या बाजूने लिहितो. माझी एकट्याची सल्लागार कंपनी आहे आणि चार वर्षांपासून एक व्हीए माझं कार्यालय सांभाळतात.

नेमताना मला कौशल्याची फार काळजी नव्हती. भीती होती ती इनबॉक्स दुसऱ्याच्या हाती देण्याची. त्यात क्लायंटचे करार असतात, घरचेही मेल असतात. त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं, "मला तुमचा पासवर्ड नको." जीमेलमध्ये दुसऱ्या माणसाला प्रतिनिधी म्हणून प्रवेश देता येतो. ती व्यक्ती मेल वाचते, उत्तर देते, पण पासवर्ड बदलू शकत नाही, आणि आपण हवा तेव्हा तो प्रवेश काढून घेतो. कॅलेंडरही तसंच वाटून देता येतं. हे मला माहीत नव्हतं. त्यांनी ते आपणहून सांगितलं आणि माझी निम्मी भीती गेली. शिवाय एक पानभर लिहून दिलं: पहिल्या आठवड्यात काय करणार, आणि मला विचारल्याशिवाय कशाला हात लावणार नाही. वेबसाइट मी नेमल्यानंतर पाहिली.

आजही दर शुक्रवारी त्यांची पाच-सहा ओळींची टिपणी येते. काय झालं, काय अडलंय, माझ्याकडून काय हवंय. माझ्या ओळखीच्या दोघांनी "तुझं सगळं वेळच्या वेळी कसं होतं," असं विचारलं, तेव्हा मी ती टिपणीच (खासगी नावं झाकून) दाखवली. दोघेही आता त्यांचे क्लायंट आहेत. तुमचं रोजचं काम जितकं नीट दिसतं, तितकं जाहिरातीतून दिसत नाही. म्हणून पहिल्या क्लायंटपासूनच ही सवय ठेवा.

---

विषय: उत्तर: घरून व्हीएचं काम… (विकतच्या यादीबद्दल)
प्रेषक: मेलिंग यादीची तांत्रिक बाजू सांभाळणारा सभासद

थोडक्यात, पण महत्त्वाचं. ती विकतची यादी पुन्हा वापरू नका.

युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. माणसाचं नाव आणि पत्ता हा वैयक्तिक डेटा ठरतो आणि तो वापरायला कायदेशीर आधार लागतो. कॅनडाचा स्पॅमविरोधी कायदा जुलै २०१४ पासून, ठरावीक अपवाद सोडल्यास, आधी संमती मागतो. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात आधी संमतीची अट नाही, पण प्रत्येक व्यावसायिक मेलमध्ये टपालाचा पत्ता द्यावा लागतो आणि नकार आल्यास कामकाजाच्या १० दिवसांत नाव काढावं लागतं. घरून काम करणाऱ्यांनी याचा नीट विचार करावा, कारण तो पत्ता म्हणजे तुमचं घर. तिथे टपालपेटीचा पत्ता चालतो.

दुसरं म्हणजे, बऱ्याच लोकांनी तुमच्या मेलला स्पॅम ठरवलं, तर उद्या खऱ्या क्लायंटला पाठवलेलं बिलही स्पॅममध्ये जाऊन पडतं. स्वतःच्या डोमेनवरचा (म्हणजे तुमच्या वेबसाइटच्या नावाचा) मेल घ्या आणि त्यावर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरोखर तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या तिन्ही नोंदी करून घ्या. तुमचं डोमेन दिलं तर मी तपासून सांगतो.

आणि गुगल नकाशावर व्यवसाय नोंदवायच्या मागे लागू नका. ती सोय क्लायंटला प्रत्यक्ष भेटणाऱ्या व्यवसायांसाठी आहे. फक्त ऑनलाइन चालणारा व्यवसाय तिच्या नियमांत बसत नाही.

---

विषय: उत्तर: घरून व्हीएचं काम… (दोन आठवड्यांनंतर)
प्रेषक: एक नवी सभासद

ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. विकतची यादी त्याच दिवशी काढून टाकली. डोमेनच्या नोंदीही झाल्या, त्यासाठी विशेष आभार.

वहीत ३१ नावं झाली. पहिलं पत्र लिहायला दोन दिवस लागले, इतकं अवघडल्यासारखं झालं होतं. आतापर्यंत बारा पाठवली. सात उत्तरं आली आणि सगळीच आपुलकीची होती, हे वाचून डोळे भरून आले. आमच्या जुन्या हिशेब तपासनीसांनी तर फोनच केला. त्यांच्या ओळखीच्या एका अनुवादिकेची बरीच बिलं अडकली आहेत. तपासनीसांनी माझ्या आठवणीच्या पत्रांचा नमुना मागितलाय. अडचण अशी की माझी सगळी चांगली पत्रं जुन्या कंपनीची आहेत. नावं खोडून दाखवली तर चालतील का?

---

विषय: उत्तर: घरून व्हीएचं काम… (नमुना)
प्रेषक: एक जुनी सभासद

नाही, ती पत्रं कंपनीची आहेत. शिवाय जी बाई जुन्या मालकाची पत्रं दाखवते, ती उद्या आपलीही दाखवेल, असं कुणालाही वाटेल. एक काल्पनिक डिझायनर आणि त्याचं काल्पनिक बिल घे. तीन पत्रं लिही: मुदतीच्या दोन दिवस आधीचं, मुदतीनंतर सात दिवसांनी, आणि एकवीस दिवसांनी. तीनही पत्रांचा सूर कसा हळूहळू ठाम होतो आणि तरीही आदर सुटत नाही, ते दिसू दे. वर "नमुना" असं स्पष्ट लिही. अशी तीन पत्रं तुझ्या साइटवर त्या १४ सेवांच्या जागी टाकलीस तरी चालेल.

आणि हिशेब तपासनीसांना तुझ्याबद्दल जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा चार ओळींचा मजकूर दे. लोकांना मदत करायची असते, पण लिहायला बसायचा कंटाळा येतो. पुढे क्लायंट झाल्यावरही हेच कर. त्यांचं एखादं अडलेलं बिल सुटतं आणि ते "हुश्श" म्हणतात, त्याच दिवशी विचार, "अशी अडचण तुमच्या ओळखीत आणखी कुणाला आहे का?" महिनाभराने विचारलंस तर ती सुटका ते विसरलेले असतात.

---

विषय: उत्तर: घरून व्हीएचं काम… (मजकूर)
प्रेषक: एक नवी सभासद

मजकूर असा केलाय. कुठे अडखळायला होत असेल तर सांगा.

"एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांच्या बिलांचा पाठपुरावा मी करते. बिल तुमच्याच मेलवरून जातं, आठवणीची पत्रं ठरल्या दिवशी जातात, आणि दर शुक्रवारी कुणाकडून किती बाकी आहे ते एका पानावर तुम्हाला मिळतं. तुमचे पैसे वेळेत जमा होतात आणि क्लायंटशी संबंधही टिकून राहतात. तुमचा पासवर्ड मला लागत नाही."

---

विषय: उत्तर: घरून व्हीएचं काम… (मजकूर)
प्रेषक: एक जुनी सभासद

"पैसे वेळेत जमा होतात" हे वाक्य काढ. पैसे देणं समोरच्याच्या हातात आहे, तुझ्या नाही. त्याऐवजी "एकही बिल विसरलं जात नाही" असं लिही, ते तू नक्की पाळू शकतेस. बाकी एक शब्दही बदलू नकोस. माझ्या दोन क्लायंटना आज संध्याकाळी हा मजकूर पुढे पाठवतेय, तुला सीसीत ठेवून. उत्तर आलं तर त्याच दिवशी फोन कर.