जावा मॉस आतून तपकिरी पडतंय, खत टाकू का?

गुहागरकरीण:
माशांची दोन फुटी टाकी, त्यात गप्पी मासे. पाणी घरच्या विहिरीचं. लाकडाला बांधलेलं जावा मॉस (पाण्याखाली वाढणारी बारीक पानांची वनस्पती) दिवाळीत पोपटी होतं. एप्रिल लागल्यापासून बोटाने बाजूला केलं की आत तपकिरी, नुसता भुगा. शेंड्यांवर हिरवे चिवट तंतू. दिवा सकाळी लावते, झोपताना बंद करते. खत टाकू का? आणि पावसात आमच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) येतं ते मॉस टाकीत जगेल का?

जांभाप्रेमी, रत्नागिरी:
ताई, खत अजिबात नको. मॉसला मुळं नसतात. ते पानांतूनच अन्न घेतं आणि गप्पींच्या विष्ठेवर त्याचं सहज भागतं. थर जाड झाला की आत उजेडही पोचत नाही, पाणीही खेळत नाही, म्हणून ते कुजतं. लाकूड बाहेर काढा, टाकीच्याच पाण्यात खळबळून धुवा आणि निम्म्याहून जास्त मॉस कापून टाका. जीव कळवळतो, पण कापलं तरच ते दाट फुटतं.

राहिलेले हिरवे शेंडे कोथिंबिरीसारखे बारीक चिरून जांभ्याच्या तुकड्यावर पसरा. दगड मधूनमधून दिसला पाहिजे, इतकाच पातळ थर. वरून काळा शिवणाचा दोरा गुंडाळा. जांभ्याच्या भोकांत मॉस काय घट्ट धरतं! फक्त तांबडं पाणी यायचं थांबेपर्यंत दगड घासून घ्या.

ते तंतू म्हणजे जास्त उजेडाने येणारं शेवाळ. दिवा सहा तासच ठेवा. तंतू जुन्या टूथब्रशला गुंडाळून ओढले की निघतात.

मॉसला २१ ते २४ अंश मानवतं. तिशीच्या आसपास तगतं, पण वाढ मंदावते. आपल्या दमट हवेत पंख्याने पाणी फारसं गार होत नाही, त्यापेक्षा टाकी माजघरात हलवा.

गडग्यावरचं मात्र नको. ते हवेत वाढणारं, पाण्याखाली सडतं आणि पाणी नासवतं.

देवगडचा मासेवाला:
विहीर किनाऱ्याजवळ आहे का? मे महिन्यात पाणी मचूळ होत असेल तर आटलेल्यावर नुसती भर घालू नका. वाफ उडते, क्षार मागेच राहतात. दर आठवड्याला पाव टाकी उपसून गोडं पाणी घाला.

गुहागरकरीण:
हो, चव बदललीच आहे. वरच्या वाडीतल्या विहिरीचं आणते. दोरा नंतर सोडवायचा का?

जांभाप्रेमी, रत्नागिरी:
सुती असेल तर आपोआप कुजेल, पण मॉसने दगड धरायच्या आधीच तुटू शकतो. नायलॉनचा घ्या आणि तसाच राहू द्या, मॉसखाली झाकला जातो.