स्टुडबेकर चॅम्पियन, कागद काहीच नाहीत: रिस्टोरेशनआधी इतिहास कसा काढायचा?

शेडमधली_गाडी:
कागल बाजूच्या एका शेडमध्ये बरीच वर्षं उभी असलेली स्टुडबेकर (जुनी अमेरिकन मोटार) घेतली आहे. चार दारं, त्यातली मागची उलटी उघडणारी. पुढचं नाक बंदुकीच्या गोळीसारखं नाही, म्हणजे १९५०-५१ च्या आधीची असावी. स्टिअरिंग उजवीकडे. आरसी बुक नाही, टॅक्सची पावती नाही, विम्याचा कागद नाही. दाराच्या खांबावरची सीरियल नंबरची पट्टी गायब आहे. मागची नंबरप्लेट जागेवर आहे, पण तिच्यावर रंगाचे थरच थर. विकणाऱ्यांकडून "संस्थानातली गाडी" याच्यापलीकडे माहिती नाही.

डेंटिंगवाला म्हणतोय, आधी सगळी खोलून सँडब्लास्टिंगला पाठवू. ते सध्या थांबवलंय. तीन गोष्टी हव्या आहेत: नक्की मॉडेल आणि वर्ष, पहिली नोंदणी कुठे झाली, आणि मूळ रंग. कुठून सुरुवात करावी?

उद्यमनगर_फिटर:
सँडब्लास्टिंग थांबवलंत ते बरं केलंत. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बॉडीच्या पट्टीवर वाळूचा एक झोत बसला की अक्षरं गेली, मग ती परत आणायचा उपाय नाही.

आधी टेप घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, चाकं सरळ ठेवून, दोन्ही बाजूंनी मोजा, हाच व्हीलबेस. १९४७ ते ४९ ची चॅम्पियन असेल तर ११२ इंच भरेल, स्टुडबेकरचीच कमांडर ११९ आणि लँड क्रूझर १२३. १९५० ला तिन्ही मॉडेलं एकेक इंचाने वाढली. दोन बाजूंच्या मापात अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर चासी वाकलेली आहे किंवा पुढचं सस्पेन्शन सरकलंय. ती नोंदही इतिहासातच धरा, गाडी कधीतरी ठोकली गेली असणार.

मग बोनेट उघडून फायरवॉल पाहा. तिथल्या छोट्या पट्टीवर तीन भागांत मजकूर असतो: मॉडेल, बॉडीचा प्रकार, क्रमांक. चॅम्पियनला ६जी म्हणजे १९४७, ७जी म्हणजे १९४८, ८जी म्हणजे १९४९, ९जी म्हणजे १९५०. कमांडरला याच क्रमाने १४ए, १५ए, १६ए, १७ए. मधलं अक्षर डब्ल्यू असेल तर चार दारी सेडान, एफ असेल तर दोन दारी, सी म्हणजे मागे गोल काचेची स्टारलाइट कूपे, एस म्हणजे कन्व्हर्टिबल.

इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, वर, पुढच्या टोकाजवळ ठोकलेला असतो. तिथे ग्राइंडर किंवा वायर व्हील अजिबात लावू नका. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पितळी ब्रशने साफ करा, टॉर्च आडवा धरून फोटो काढा आणि पातळ कागद ठेवून पेन्सिलची छाप घ्या. आरटीओ चासी नंबरची घेतं, तशीच. अक्षर पुसट असलं तरी वरून परत ठोकायचं नाही. पुसट नंबर चालतो, छेडलेला नंबर म्हणजे पोलीस चौकशी.

आणि बघायला येणारा प्रत्येकजण "नंबर मॅचिंग आहे का", म्हणजे गाडीचा आणि इंजिनाचा नंबर जुळतो का, असं विचारेल. स्टुडबेकरमध्ये सीरियल नंबर आणि इंजिन नंबर या मुळातच दोन वेगळ्या मालिका होत्या, ते सारखे असायचं कारणच नाही.

जुना_दस्त:
कागदांचं सांगतो. कोल्हापूरकडच्या गाडीला सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न: ती कुणाच्या हद्दीत नोंदली गेली?

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीची नोंद दरबारची. सांगली, मिरज, कुरुंदवाड वगैरे दख्खनची संस्थानं ८ मार्च १९४८ लाच गेली, म्हणजे शिरोळ पट्ट्यातल्या कुरुंदवाडची गाडी असेल तर तारीख एक वर्ष मागे जाते. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. तिकडची गाडी कोल्हापूरच्या रजिस्टरात शोधत बसलात तर जन्मभर सापडणार नाही, ती बेळगावच्या नोंदीत असणार. त्यामुळे "कोल्हापूरची गाडी" हे ऐकून पुढे जाऊ नका, गाव कोणतं ते विचारा.

नंबरप्लेट हा तुमच्याकडचा एकमेव लेखी पुरावा आहे. ती काढू नका, खरवडू नका. तिच्या एका कोपऱ्यात दोन इंचांच्या तुकड्यावर वॉटर पेपर पाण्यासोबत चालवा, ४०० ने सुरुवात, मग ८००, शेवटी १२००. हाताचा जोर नाही, एकेक थर उघडा पडला पाहिजे. खाली जुनी अक्षरं दिसायला लागली की थांबा आणि फोटो घ्या. एमएच-०९ हा कोल्हापूरचा कोड १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरचा, कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या खालच्या थरात जुनी अक्षरमालिका सापडली तर शोधायचा नंबर तोच.

तो नंबर हाती आला की आरटीओत बी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे रजिस्टरातल्या नोंदीचा उतारा, मागा. ऑनलाइन वाहन पोर्टलवर न दिसणं म्हणजे नोंद नाही असं नव्हे, नूतनीकरण न झालेल्या जुन्या गाड्या संगणकात चढलेल्याच नसतात. काउंटरवर "रेकॉर्ड नाही" म्हणाले तर माहिती अधिकारात अर्ज करा: फी १० रुपये, मुदत ३० दिवस, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर. मालकाचं नाव खासगी माहिती म्हणून नाकारलं, तर कलम ८(३) दाखवा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेच्या माहितीला ती सबब लागू होत नाही.

दरबारी काळासाठी कोल्हापूरचं पुराभिलेख कार्यालय आणि करवीर सरकारचं (कोल्हापूर संस्थानचं) गॅझेट. तिथे "स्टुडबेकर" शोधू नका. वर्ष आणि खातं सांगून फायली मागवा.

"महाराजांची गाडी" या गोष्टीला लेखी आधार मिळेपर्यंत शून्य किंमत द्या. कोल्हापुरात शेडमधून निघालेली प्रत्येक अमेरिकन गाडी न्यू पॅलेसमधूनच आलेली असते, निदान विकताना तरी. तेव्हा डॉक्टर, वकील, गूळ व्यापारी आणि सिनेमावाले यांच्याकडेही मोटारी होत्या.

रंगारी_०९:
मूळ रंग उन्हातल्या पत्र्यावर शोधू नका. डॅशबोर्डच्या खालची मागची बाजू, दाराच्या आतल्या पॅनेलमागे, डिकीत स्टेपनीखाली, पायरीच्या पट्टीखाली, अशा चार जागा बघा. चारही ठिकाणी सर्वात खालचा रंग एकच निघाला तर तो मूळ. फायरवॉलवर एकटा वेगळा निघाला तर बॉडी किंवा इंजिनखोली मध्ये कधीतरी रंगवली आहे.

सीटा काढायच्या आधी सीटखालची माती वेगळ्या पिशव्यांत काढा, पुढची वेगळी, मागची वेगळी. जुनी टॅक्स टोकनं, पेट्रोलच्या पावत्या, सर्व्हिसिंगचे स्टिकर तिथेच मिळतात. दाराच्या तळाशी आणि सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) पोकळीत बारीक चिकट गाळ सापडला तर पंचगंगेचा पूर बघितलेली गाडी आहे. गाळाची रेघ किती उंचीवर आहे ते मोजा. इंजिनच्या डिपस्टिकपेक्षा वर असेल तर इंजिनखालचा तेलाचा चेंबर उघडल्याशिवाय क्रँक फिरवायचा नाही.

शेडमधली_गाडी:
व्हीलबेस दोन्ही बाजूंनी ११२ इंच. फायरवॉलची पट्टी वाचता आली: ७जी, डब्ल्यू, पुढचे आकडे अर्धवट. इंजिन नंबर मात्र "१आर" ने सुरू होतो. कार्ब्युरेटर सोलेक्स आहे. सर्वात खालचा रंग चारही ठिकाणी गडद हिरवा. प्लेटखाली जुनी अक्षरं आहेत, अजून पूर्ण उघडली नाहीत.

उद्यमनगर_फिटर:
म्हणजे १९४८ ची चॅम्पियन, चार दारी सेडान. पण इंजिन तिचं नाही. १आर ही मालिका स्टुडबेकरच्या २आर५ ट्रकची, तो ट्रक १९४९ चं मॉडेल म्हणून आला. ब्लॉक त्याच कुळातला आहे, ३ इंच बोअर, ४ इंच स्ट्रोक, १६९.६ घन इंच, त्यामुळे सहज बसला. मूळ कार्ब्युरेटर कार्टर होता, सोलेक्स नंतरचा.

ट्रकचं इंजिन म्हणून फेकू नका. अदलाबदल रीतसर झाली असेल तर आरटीओच्या रजिस्टरात इंजिन बदलाची नोंद तारखेसह असते, आणि ती तारीख मालकापर्यंत पोचवते. उद्या कुणी स्वस्तात डिझेल इंजिन घालून देतो म्हणाला तर नाही म्हणा. व्हिंटेज नोंदणीला चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही.

जुना_दस्त:
१९४८ चं मॉडेल म्हणजे दोन्ही शक्यता उघड्या, दरबारची नोंद किंवा विलीनीकरणानंतरची. आता क्रम असा ठेवा.

प्लेट पूर्ण उघडा. त्या नंबरावर बी एक्स्ट्रॅक्ट काढा. त्यात चासी नंबर म्हणून जो आकडा असेल तो बहुतेक हरवलेल्या पट्टीवरचा सीरियल नंबर. तो मिळाला की मगच अमेरिकेत साउथ बेंडच्या स्टुडबेकर नॅशनल म्युझियमच्या अभिलेखागाराला लिहा, तिथे कारखान्याच्या प्रॉडक्शन ऑर्डरच्या (गाडी कशी बनवायची त्या नोंदीच्या) प्रती मिळतात, पण मागणी सीरियल नंबरवर करायची असते. नुसती फायरवॉलची पट्टी पाठवून काम होणार नाही. भारतात स्टुडबेकरची जुळणी कोलकात्याजवळ उत्तरपाऱ्याला हिंदुस्थान मोटर्स करत असे. तुमची गाडी सुट्या भागांत आलेली असेल तर रंग इथेच लागला असणार, म्हणून ऑर्डरवर कोणताही रंग लिहिलेला असो, चार ठिकाणी सापडलेला हिरवाच प्रमाण धरा.

व्हिंटेज नोंदणीचे नियम जुलै २०२१ चे आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण हवीत, अर्ज फॉर्म २० मध्ये, विमा आणि जुनं आरसी जोडून. नव्या नोंदणीला फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात "व्हीए" येतं. रोजच्या वापराला परवानगी नाही, रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढंच. जुनं आरसी नसल्यामुळे तुमचं गाडं इथेच अडेल, म्हणून आधी हरवल्याची पोलीस नोंद करून फॉर्म २६ वर डुप्लिकेट. तो अर्ज रजिस्टरातल्या मालकाच्या नावाने जातो. मालक हयात नसेल तर वारसांकडून फॉर्म ३१, आणि त्यानंतर तुमच्या नावावर. विकणाऱ्यांचे उरलेले पैसे वारसाच्या सह्या होईपर्यंत हातात ठेवा.

शेडमधली_गाडी:
प्लेट आणि बी एक्स्ट्रॅक्टचं आधी करतो. डेंटिंगवाल्याला फक्त दारांची पॅनेलं काढायला सांगितलंय, फायरवॉलला हात लावायचा नाही. चासी नंबर मिळाला की इथे टाकतो.