मदत हवी आहे: काटोलकडे शेती करणारा मोठा भाऊ अबोल झालाय, त्याच्याशी कसं बोलावं?

मानेवाड्याची_ताई

नमस्कार. मी नागपुरात राहते, माहेर काटोल तालुक्यात. बाबांनंतर वावर मोठा भाऊच पाहतो. संत्र्याची बाग, थोडी पऱ्हाटी (कापूस), दोन म्हशी. जरा सविस्तर लिहिते, कारण थोडक्यात सांगितलं की "कर्ज फिटलं की होईल सगळं ठीक" एवढंच ऐकायला मिळतं.

मागच्या हंगामात संत्र्याचा आंबिया बहार छान लागला होता. व्यापाऱ्याने बाग पाहून सौदा केला, इसारही दिला. मग ऑगस्टच्या झडीत फळगळ लागली. रोज सकाळी झाडांखाली पिवळ्या फळांचा खच. व्यापाऱ्याने इसारावर पाणी सोडलं आणि फिरकलाच नाही. उरलेला माल नागपूरच्या कळमना बाजारात आणला तर भाव पडलेले. बांगलादेशने आयात शुल्क वाढवल्यापासून तिकडे जाणारा माल इथेच येऊन पडतो. बँकेचं पीक कर्ज दरवर्षी नवं-जुनं करून चालायचं, यंदा तेही जमलं नाही. कृषी केंद्राची उधारी वेगळी. त्यात गावातल्या एकाकडून महिना शेकडा पाचने पैसे घेतलेत आणि त्यापोटी दोन एकराची खरेदी (खरेदीखत) त्याच्या नावे करून दिली आहे, हे वहिनीला आत्ता कळलं.

पैशाचं आम्ही भावंडं मिळून पाहू. मला काळजी दादाची आहे.

रात्री दोन-अडीचला उठतो आणि अंगणात बसून राहतो. जेवण अर्ध्या पोळीवर आलंय. वावरात जातो, पण बागेत पाय न ठेवता धुऱ्यावरूनच परत येतो. म्हशींची धार त्याने आजवर कोणाला काढू दिली नव्हती. आता वहिनी बसते, म्हैस पान्हा चोरते, लाथ झाडते, आणि हा खाटेवरून बघत राहतो, उठत नाही. नात्यातल्या लग्नालाही गेला नाही, तिथे तो पैसेवाला भेटेल म्हणून. आणि परवा त्याने पोराला जवळ बसवून सातबारा, आठ अ, पासबुक, विम्याचे कागद कुठे आहेत ते एकेक करून दाखवलं. पोरगं बारावीत आहे. त्याने मला फोन करून विचारलं, "आत्या, बाबा हे मले काहून सांगून राहिले?" तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

थेट विचारावं का त्याला? वहिनी म्हणते, असं विचारू नका, नसलेला विचार डोक्यात घालाल. डॉक्टरचं नाव काढलं की दादा म्हणतो, "मले काय झालं?" गावात तर मनाचा डॉक्टर म्हणजे पागलखाना एवढंच लोकांना माहीत. उद्या पोरीची सोयरीक अडेल ही वहिनीची भीतीही मला खोटी वाटत नाही. मग कोणी बोलावं, कुठे न्यावं? ज्यांनी घरात हे पाहिलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी कृपया सांगा. "धीर धरा" म्हणू नका, तो धरूनच बसलोय सगळे.

समुपदेशक_वर्धा

ताई, कागद दाखवणं, झोप उडणं, जीव लावलेली कामं सुटणं, हे सगळं एकत्र आलं की वाट पाहायची नाही. आजच विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. तो आधीपासून असेल तर कोणीतरी विचारलं यानेच माणूस मोकळा होतो. तुमच्या घरच्या बोलीतच विचारा: "दादा, आता जगूच नये असं वाटते का तुले कधी?" आणि मग गप्प राहा, कितीही वेळ गेला तरी. लगेच "असं बोलू नको, पोरांकडे पाहा" म्हणू नका. पोरांचं ओझं तर त्याच्या डोक्यावर आधीच आहे, अशाने तो पुन्हा तोंड मिटून घेईल.

"हो" म्हणाला आणि कधी, कसं हेही त्याच्या मनात ठरलेलं दिसलं, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. त्याच वेळी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात आणा.

तो काय म्हणतो याची वाट न पाहता एक काम करा. फवारणीची सगळी औषधं आजच घरातून आणि गोठ्यातून हलवा. न उघडलेली कृषी केंद्राला परत द्या, बाकीची दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा, किल्ली दादाकडे नको. तो टोकाचा क्षण बहुतेकदा थोडाच वेळ टिकतो. त्या वेळी हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो.

फोनसाठी टेलिमानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. दादा करणार नसेल तर तुम्ही करा, घरच्यांनाही ते मार्ग सांगतात.

डॉक्टरकडे न्यायचं तर झोपेपासून सुरुवात करा. "तुझी झोप गेली आहे, तिच्यावर औषध घेऊन येऊ" एवढंच म्हणा. यात खोटं काही नाही. नैराश्य आधी झोप आणि भूकच खातं, आणि डॉक्टरही तिथूनच सुरू करतील. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर तुमच्या भागात कोणत्या दिवशी येतात ते गावच्या आशाताईला विचारा. गावात चर्चा नको असेल तर सरळ नागपूरला आणा, मेडिकलच्या गर्दीत कोण कशासाठी आलंय हे कोणी विचारत नाही.

कळमेश्वरचा_कास्तकार

ताई, वरच्या ताईंनी/दादांनी सांगितलं ते कराच. माझं फक्त दोन गोष्टींवर म्हणणं.

आपल्याकडचा माणूस समोर खुर्ची टाकून बसवला की बोलत नाही. माझ्या चुलतभावाला आम्ही घरात दहादा विचारलं, तो हूं की चूं नाही. शेवटी त्याचा मित्र बागेत सल (वाळलेल्या फांद्या) काढायला सोबत गेला. हातात आरी, नजर फांदीवर, आणि तिथे तो बोलला. दादाचा असा कोणी जुना मित्र असेल तर त्याला सगळं सांगून सोबत घ्या.

दुसरं त्या खरेदीचं. तुम्ही म्हणता पैशाचं पाहू, पण रात्री दोनला त्याला उठवणारी गोष्ट हीच असू शकते. परवाना नसताना असा धंदा करणं महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे. परवाना असलेल्यालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. शेकडा पाच म्हणजे वर्षाचे साठ झाले! तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा नागपूरला सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी अर्ज द्या. कर्जापोटी करून घेतलेलं खरेदीखत चौकशीत सिद्ध झालं तर ते रद्द ठरवून जमीन परत देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. पैसे दिल्या-घेतल्याच्या चिठ्ठ्या, फोनवरचे मेसेज, साक्षीदार, जे असेल ते जमवा. चौकशीला वेळ लागते. पण जमीन गेलीच असं नाही, हे दादाच्या कानावर लवकर घाला.

बँकेचं म्हणाल तर शासनाने तुमच्या भागात नुकसान जाहीर केलं असेल, तर कर्जाच्या पुनर्गठनासाठी लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तोंडी विचारून परत येऊ नका.

मानेवाड्याची_ताई

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्रीच गावी आले. औषधं चुलत्यांकडे कुलपात ठेवली, किल्ली काकूकडे आहे. आज सकाळी गोठ्यात विचारलं. आधी काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "येते तसं मनात, पण पोरांमुळे थांबतो." ठरवलेलं काही नाही म्हणाला. तिथूनच १४४१६ लावला, आधी मी बोलले, मग फोन त्याच्या हातात दिला, बराच वेळ बोलला. खरेदीच्या कायद्याचं सांगितलं तेव्हा त्याने दोनदा परत विचारून घेतलं. रात्री त्याच्याजवळ पोरगा आणि मी आळीपाळीने झोपणार आहोत. उद्या सकाळी झोपेसाठी म्हणून मेडिकलला यायला तयार झालाय.

आता एवढंच सांगा: मानसोपचार ओपीडीला पहिल्यांदा जाताना केसपेपर कुठे काढायचा आणि सोबत कोणते कागद लागतात? आणि उपनिबंधकांकडच्या अर्जाचा नमुना कोणाकडे असेल तर इथे टाका.