मदत हवी आहे: ओढ्यातून नदीत उतरलेलं डिझेल कसं काढायचं?

नमस्कार मंडळी. घाटात टँकर उलटला आणि डिझेल ओढ्यातून आमच्या नदीत आलंय. कोंडीच्या कडेला रंगीत तवंग, पाणी ढवळलं की उग्र दर्प. पोरांनी बांबूला पेंढ्याच्या जुड्या बांधून प्रवाहात आडवा टाकलाय. तवंग बराच अडतो, पण भिजलेला पेंढा ठेवायचा कुठे? जाळायचा तर नाहीच. काहीजण म्हणतात साबणाची पावडर ओता. मी अडवलंय, त्यानं तेल जात नाही, नुसतं पाण्यात मिसळतं, मग मासळीचे आणखी हाल. प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवलंय. टेरी या दिल्लीतल्या संशोधन संस्थेनं तयार केलेले तेलखाऊ जिवाणू, ‘ऑइलझॅपर’, काठच्या चिखलावर कुणी वापरलेत का? आणि नदीलगतच्या विहिरीचं पाणी तपासताना नेमकी कोणती चाचणी मागायची? उकळून भागणार नाही, एवढं माहीत आहे.