बाबांना मॉर्फिन द्यायचं का? घरात सगळेच घाबरलेत

मीनल_कराड:
बाबांचा (वय ६८) प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलाय, मणक्यात जास्त. डॉक्टरांनी मॉर्फिनची १० एमजीची गोळी दिलीय दर ४ तासांनी, पण आत्या म्हणते ही अफूच, एकदा सुरू झाली की माणूस कामातून गेला, आणि काकांनी पाकीट कपाटात कुलपात ठेवलंय, अगदीच सहन होईना तर बघू म्हणे. काल रात्री बाबा उशीचा अभ्रा दातात धरून पडले होते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. खरंच व्यसन लागतं का? आणि आत्ताच दिली तर पुढे काय उरेल?

सुजाता७१:
मीनल, आईच्या वेळी आम्हीही हेच केलं गं. तीन आठवडे गोळ्या ड्रॉवरमध्ये आणि आई कूस बदलायलाही घाबरायची. सुरू केल्यावर पहिले दोन दिवस नुसती गुंगी आणि मळमळ, मी रडत बसले, तिसऱ्या दिवशी उठून बसली आणि म्हणाली पिठलं टाक. त्यानंतर पाच महिने होती. ते तीन आठवडे मला अजून झोपू देत नाहीत.

सिस्टर_अनघा:
मी पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं-त्रास कमी करायच्या वॉर्डात नर्स आहे. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या डोसने घेतलं तर व्यसन क्वचितच लागतं. शरीराला सवय होते, म्हणून एकदम बंद करायची नाही, एवढंच. 'पुढे काय उरेल' म्हणशील तर पॅरासिटामॉलला जशी वरची ठरलेली मर्यादा असते तशी याला नसते, दुखणं वाढलं तर डॉक्टर डोस वाढवतात. गोळीचा असर ४ तासच टिकतो म्हणून घड्याळ लावून द्यायची, कळ यायची वाट बघायची नाही. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच, गुंगी जाते पण बद्धकोष्ठता जात नाही. किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. हाक मारूनही जागे होत नाहीत किंवा श्वास फार मंद झाला तर लगेच दवाखान्यात. आणि मणक्याचं आहे म्हणून सांगते, पायातली ताकद कमी वाटली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी न्या, उद्यावर टाकू नका.

विनय_मेडिकल:
प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही हे, १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे दुकानं ठेवायलाच घाबरायची. २०१४ ला कायदा सुटसुटीत केला तरी भीती आहेच. संपायच्या आठवडाभर आधीच चिठ्ठी घेऊन जा.

मीनल_कराड:
किल्ली घेतली काकांकडून. १० ला पहिली गोळी दिली, वहीत लिहून ठेवलंय, पुढची २ ला. आत्या शेजारी बसलीय.